अहिल्या की अहल्या? आणि शिळा झालेल्या बाईचं नाव लेकीला ठेवावं का?

दादाला मुलगी झाली आणि त्यानंतरच्या दहा-बारा दिवसांत घरच्या ग्रुपवर नावावरून जेवढे मेसेज पडले तेवढे दादाच्या लग्नात पण पडले नव्हते. वहिनीच्या मनात पहिल्यापासून अहिल्या होतं. आमच्या आजीचं माहेरचं नाव ते, आणि शिवाय गेली दोन-तीन वर्षं हे नाव सारखं कानावर पडतंय, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, २०२५ मध्ये अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला ३०० वर्षं झाली, सगळीकडे त्यांचे फोटो, भाषणं, कार्यक्रम. वहिनीने ग्रुपवर नाव टाकलं आणि दहा मिनिटांत एका काकूंचा मेसेज आला, "नाव छानच आहे गं, पण शिळा झालेल्या बाईचं नाव लेकराला कशाला?" त्याच्याखाली मामांचा, "मुळात ते अहिल्या नाहीच, शुद्ध शब्द अहल्या." आणि त्याच्याखाली चुलतभावाने कुठल्यातरी नावांच्या लिस्टचा स्क्रीनशॉट टाकला, त्यात अहिल्याचा अर्थ दिला होता 'सूर्याची पहिली किरणे'.

आता बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. जे नाव मी त्या पोरीच्या कानात सांगणार, जे ती आयुष्यभर घेऊन फिरणार, ते नक्की काय आहे हे मला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटलं, म्हणून शोधायला बसले. जे सापडलं ते इथे सोपं करून लिहितेय, कारण आमच्या ग्रुपवर निघाले तेच प्रश्न आणखी बऱ्याच घरांत निघत असणार.

## आधी नाव फोडून बघू

शब्द कशापासून बनला ते शोधणं म्हणजे व्युत्पत्ती. संस्कृतात हे नाव 'अहल्या' आहे आणि त्याची फोड सरळ दिसते, अ + हल्या. 'अ' म्हणजे नाही, हे आपल्याला माहीतच आहे, अशक्य, अजाण, अमर यांतला 'अ'. प्रश्न आहे तो 'हल्या' या तुकड्याचा आणि तिथेच वेगवेगळी उत्तरं मिळतात.

पहिलं उत्तर मातीतलं आहे. हल म्हणजे नांगर. बलरामाला हलधर म्हणतात ना, तोच हल. हल्य म्हणजे नांगरलेली किंवा नांगरता येईल अशी जमीन, आणि अहल्या म्हणजे जिला अजून नांगर लागलेला नाही ती. आता याच्या शेजारी सीता हे नाव ठेवून बघा. सीता या शब्दाचा मूळ अर्थ नांगराने जमिनीत पडलेली रेघ, आपण शेतात ज्याला तास म्हणतो ते. जनकाला ती नांगरताना सापडली ही गोष्ट त्या नावातच बसलेली आहे. म्हणजे एकाच रामायणात एक नांगराच्या तासातली आणि एक नांगर न लागलेली. आमच्या आजीचं सासरी नाव बदललं, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं ते 'जानकी', आणि जानकी म्हणजे सीताच. हे लक्षात आलं तेव्हा मी जरा वेळ तशीच बसून राहिले, कारण माहेरची अहल्या सासरी सीता झाली हे तिला स्वतःला कधी कुणी सांगितलं नसणार.

इथे लगेच कुणीतरी विचारेल की नांगर न लागलेली म्हणजे नापीक का? अजिबात नाही. पड राहिलेलं रान आणि खडकाळ नापीक रान यातला फरक शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. नांगर लागला नाही एवढंच हा शब्द सांगतो, मातीचा कस काय आहे याबद्दल तो काही बोलत नाही.

दुसरं उत्तर रामायणाच्या उत्तरकांडात खुद्द गोष्टीतच दिलेलं आहे. तिथे 'हल' चा अर्थ नांगर घेतलेला नाही, तिथे सांगितलंय की हल म्हणजे विरूपता, बेढबपणा, आणि त्यातून येतं ते हल्य. ब्रह्मदेवाने सगळ्या प्राण्यांमधलं जे जे चांगलं ते काढून एक स्त्री घडवली, तिच्यात काहीच हल्य नव्हतं, म्हणून ती अहल्या. म्हणजे जिच्या रूपात खोट काढता येत नाही अशी. नावांच्या पुस्तकांत 'सुंदर', 'निर्दोष' असे अर्थ दिसतात ते इथून आले.

तिसरं उत्तर सातव्या शतकाच्या आसपासच्या कुमारिल भट्ट या मीमांसक पंडिताचं. वेद-पुराणातल्या देवांनी अशी वागणूक कशी केली असा आक्षेप लोक तेव्हाही घेत होते, आणि त्याला उत्तर म्हणून कुमारिलाने सांगितलं की ही माणसांची गोष्टच नाही. अहनि म्हणजे दिवसा, आणि जी दिवसा लीन होते, नाहीशी होते ती अहल्या, म्हणजे रात्र. इंद्र म्हणजे सूर्य. सूर्य उगवला की रात्र विरून जाते, एवढंच त्या गोष्टीत सांगितलंय. पटो न पटो, कल्पना सुंदर आहे हे मान्य करावं लागतं.

मग चुलतभावाच्या स्क्रीनशॉटमधली 'सूर्याची पहिली किरणे' कुठून आली? संस्कृतातून तरी असा अर्थ निघत नाही. उलट कुमारिलाचं मानलं तर ही रात्र आहे, किरणं दुसऱ्या पार्टीची. अशा लिस्ट एकमेकांवरून कॉपी होतात आणि पाच ठिकाणी दिसलं की आपल्याला ते खरं वाटायला लागतं, तर मुलीचं नाव ठेवणाऱ्या आईबापांनी तेवढी काळजी घ्यावी, निदान एखादा चांगला शब्दकोश उघडून बघावा.

## पण मुळातला अर्थ आज कुणाला लागू होतो?

चिंचवडला गेल्यावर आपण चिंचा आणि वड शोधत बसतो का? पिंपळगावात पिंपळ आहे का नाही यावर तिथला कांद्याचा भाव ठरत नाही. गावाला नाव पडलं तेव्हा तिथे ते झाड असेल, नंतर गाव वाढलं, झाड गेलं, आणि आज चिंचवड म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते मोरया गोसावींचं मंदिर, कंपन्या, ट्रॅफिक. माणसांच्या नावाचं तसंच होतं. व्युत्पत्ती म्हणजे ते पहिलं झाड. ते माहीत असणं चांगलंच, पण नाव जगतं ते त्यानंतर तिथे कोण कोण राहून गेलं त्याच्यावर. अहिल्या या नावात मोठ्या अशा दोन बायका राहून गेल्यात, एक पुराणातली आणि एक चौंडीची. काकूंच्या डोक्यात पहिली होती, वहिनीच्या डोक्यात दुसरी, आणि भांडण खरं त्यावरून होतं.

## ती शिळा झाली का?

काकूंच्या प्रश्नाकडे येते, कारण हा प्रश्न खूप जणांचा असतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

आपण लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी. गौतम ऋषींची बायको अहिल्या, इंद्र गौतमाचं रूप घेऊन आला, तिला फसवलं, गौतमाने रागाने शाप दिला, तिची शिळा झाली, मग रामाचा पाय लागला आणि तिचा उद्धार झाला. कीर्तनातून, चित्रांतून, मनाच्या श्लोकांतून हीच शिळा आपल्यापर्यंत आली.

वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात मात्र शिळा नाहीच. मला हे वाचेपर्यंत माहीत नव्हतं आणि वाचल्यावर दोनदा तपासलं. तिथला शाप असा आहे की तू कुणाला न दिसता, काही न खाता, वाऱ्यावर जगत, राखेत पडून हजारो वर्षं या आश्रमात राहशील, आणि राम इथे येईल तेव्हा शुद्ध होशील. दगड होणं नाही, अदृश्य होणं. आता हे आपल्या आजूबाजूच्या आयुष्यात लावून बघा. गावात एखाद्या बाईबद्दल काहीतरी बोललं जातं आणि मग ती असते, पण कुणी तिच्याशी बोलत नाही, हळदीकुंकवाला बोलावत नाही, तिच्या घरावरून जाताना माणसं मान वळवतात. शिळा होण्यापेक्षा हा शाप मला जास्त खरा वाटतो आणि जास्त क्रूर पण.

आणि राम येतो तेव्हा काय होतं? वाल्मीकींनी लिहिलंय की राम आणि लक्ष्मण दोघांनी तिचे पाय धरले. तिच्या दगडाला रामाचा पाय लागला नाही, रामाने वाकून तिच्या पायाला हात लावला. मग ती त्यांचं आतिथ्य करते, पाय धुवायला पाणी देते, घरी आलेल्या पाहुण्याचं कुठलीही घरची बाई करेल तसं. गौतमही परत येतो आणि पुढे दोघं एकत्र राहतात.

आणखी एक गोष्ट, बालकांडात ती फसत नाही. समोर मुनीच्या वेशात इंद्र आहे हे तिला कळतं आणि देवांच्या राजाबद्दलच्या कुतूहलाने ती हो म्हणते असं तिथे स्पष्ट आहे. उत्तरकांडात मात्र दोष इंद्राच्या जबरदस्तीचा आहे. नंतर प्रत्येक काळाने आपापल्या सोयीने गोष्ट फिरवली, कुठे ती संपूर्ण निर्दोष, कुठे भोळी, कुठे दगड. तमिळमध्ये कंबाच्या रामायणात ती 'अकलिकै' झाली. म्हणजे 'अहिल्येची गोष्ट' अशी एक गोष्ट नाही, बऱ्याच आहेत, आणि त्यातली शिळेची सगळ्यात जास्त पसरली.

त्या सगळ्याच्याही आधी, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या शतपथ ब्राह्मणात तिचं नाव येतं, आणि तेसुद्धा एका ओळीत. सोमयागात इंद्राला हाका मारून बोलावतात त्यात एक हाक आहे, 'अहल्येच्या प्रियकरा'. बस. बाकी गोष्ट त्या ओळीभोवती नंतर वाढत गेली.

## मग सकाळी उठून तिचं नाव का घ्यायचे?

आजी पहाटे अंथरुणात बसूनच जे पुटपुटायची त्यात 'अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा' हा श्लोक होता. पंचकन्या. या पाच जणींचं रोज स्मरण केलं की मोठी पापं जातात असं तो श्लोक सांगतो. काही ठिकाणी सीतेच्या जागी कुंती म्हणतात.

पाच जणी नीट बघा. द्रौपदीला पाच नवरे. तारा वालीची बायको, तो मेल्यावर सुग्रीवाबरोबर राहिली. मंदोदरी रावणाची. अहल्येचं वर लिहिलंच. आज नावावरून नाक मुरडणाऱ्यांनी ज्यांच्या गोष्टी 'अडचणीच्या' म्हटल्या असत्या त्याच बायकांना आपल्या परंपरेने सकाळच्या पहिल्या श्लोकात बसवलंय, आणि त्यांना म्हटलंय कन्या. तर ज्या नावाने पाप जातं असं आपल्या आज्या-पणज्या मानत आल्या ते नाव अशुभ कसं? काकूंना मी हेच लिहिलं. त्यांनी हात जोडल्याचा इमोजी टाकला आणि मग फोन करून म्हणाल्या, "माझी आई पण म्हणायची गं हा श्लोक, मी कधी जोडूनच बघितलं नाही."

## चौंडीची मुलगी

आता दुसरी अहिल्या. ३१ मे १७२५, नगर जिल्ह्यातलं जामखेड तालुक्यातलं चौंडी गाव, पाटील माणकोजी शिंदे यांची लेक. इथे एक साधी गोष्ट नजरेतून सुटते ती अशी की अहिल्याबाईंमुळे हे नाव मोठं झालं, पण ते त्यांच्या आधीपासून खेड्यापाड्यात चालत होतं. एका छोट्या गावातल्या धनगर पाटलाच्या घरात मुलीला हे नाव ठेवलं, म्हणजे १७२५ मध्ये कुणाला त्यात काही खटकत नव्हतं. शिळेची गोष्ट त्यांनाही माहीत असणारच की.

आणि आपल्याकडे हे नाव लांबून कुठून आलंय असंही नाही. त्र्यंबकेश्वरला गौतम ऋषींनी गंगा आणली म्हणून गोदावरीला गौतमी म्हणतात, आणि तिथेच त्र्यंबकमध्ये गोदावरीला येऊन मिळणाऱ्या एका छोट्या नदीचं नाव अहिल्या आहे. नारायण नागबळीला जे लोक गेलेत त्यांना अहिल्या-गोदावरी संगम माहीत असेल. या मुलखात गौतम आणि अहिल्या ही घरचीच नावं. मल्हारराव होळकरांच्या बायकोचं नाव गौतमाबाई होतं, म्हणजे सासू गौतमाबाई आणि सून अहिल्याबाई, पुराणातल्या एकाच आश्रमातली दोन नावं होळकरांच्या एका घरात आली. ठरवून झालं नसणार, पण मला ते फार आवडलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण बहुतेकांना माहीत आहे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेला, सासऱ्यांनी सती जाऊ दिलं नाही, १७६६ मध्ये सासरे गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला. तेरा वर्षांत तीन माणसं. तिथून पुढे १३ ऑगस्ट १७९५ ला त्या गेल्या तोपर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षं, त्यांनी नर्मदेकाठच्या महेश्वरातून राज्य चालवलं. काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ १७८० च्या सुमारास त्यांनी बांधलं, वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, गयेचं विष्णुपद मंदिर, काशीचा घाट, आणि देशभर विहिरी, बारवा, धर्मशाळा. त्यांचं राज्य माळव्यात होतं पण पाण्याची सोय करताना त्यांनी हद्द बघितली नाही. आणि एवढं सगळं करून आज्ञापत्रावर काय, तर 'श्रीशंकर'. ज्या बाईचं नाव आज शहराला, विद्यापीठांना, विमानतळाला आहे तिने राज्य देवाच्या नावाने चालवलं.

आपल्या विषयाचा मुद्दा इथेच आहे. १७२५ च्या आधी अहिल्या म्हटलं की शाप, गौतम, राम. १७९५ नंतर अहिल्या म्हटलं की घाट, देऊळ, न्याय, पांढरी साडी आणि हातात शिवलिंग. एका माणसाच्या सत्तर वर्षांच्या आयुष्याने हजारो वर्षं जुन्या शब्दाचा अर्थ बदलला. शब्दकोशात तो अजून तोच आहे, लोकांच्या तोंडात नाही.

त्यांच्यानंतर हे नाव कुणी कुणी चालवलं बघा. मुंबईच्या अहिल्या रांगणेकर, १९२२ चा जन्म, कम्युनिस्ट चळवळीतल्या, महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि इतर बायकांबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या, १९७७ मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून गेलेल्या. एक देवळं बांधणारी राणी, एक लाल झेंड्याची खासदार, नाव एकच. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की हे नाव आता अमक्या पक्षाचं किंवा तमक्या समाजाचं झालंय, तेव्हा मला ते पटत नाही. शहराच्या नावावरून ज्याला जे मत असेल ते असो, १४९० मध्ये अहमद निजामशहाने वसवलेल्या शहराचा इतिहास पण आपलाच आहे आणि त्यावर बोलायला हा लेख पुरणार नाही. पण पाळण्यातल्या मुलीचं नाव त्या वादाच्या आधीचं आहे, फार फार आधीचं.

## अहल्याचं अहिल्या कसं झालं, आणि ते चूक आहे का?

मामांचा मुद्दा. संस्कृतात अहल्या हे बरोबरच. दक्षिणेत आजही मुलींची नावं अहल्या अशीच असतात. मराठीत आणि हिंदीत मात्र अहिल्या रुळलं. हा 'इ' आला कुठून?

एक प्रयोग करा. 'शहर' हा शब्द मोठ्याने म्हणा. लिहितो शहर, पण घाईत बोलताना आपल्या तोंडून शेहेर येतं. हिंदीवाले बहन लिहितात आणि बेहेन म्हणतात, पहला लिहितात आणि पेहला म्हणतात. ह च्या आजूबाजूचा 'अ' ओढला जातो, तो ए-इ कडे सरकतो, ही आपल्या जिभेची सवयच आहे. दुसरी सवय अशी की पुढे य किंवा ई येणार असेल तर जीभ आधीच तयारीला लागते, वळणाच्या आधी ड्रायव्हर लेन बदलतो तशी. संस्कृत शय्याची मराठीत शेज झाली, वल्लीची वेल झाली. दोन्हीकडे आधी 'अ' होता, पुढच्या य-ई ने त्याला आपल्याकडे ओढलं. आता अहल्या बघा, मधला अ एका बाजूला ह आणि दुसऱ्या बाजूला ल्या यांच्यामध्ये सापडलाय. तो 'इ' न होता तरच नवल.

म्हणजे अहिल्या ही चूक नाही, ते अहल्याचं मराठी तोंडात बसलेलं रूप आहे, जशी शेज ही शय्येची चूक नाही. आणि ज्या बाईमुळे नाव मोठं झालं तिला सगळा मराठी मुलूख अहिल्याबाईच म्हणत आला. मुलीचं नाव अहल्या ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, सुंदरच आहे, पण अहिल्या म्हणणाऱ्याला अशुद्ध म्हणू नका. एक तेवढं सांभाळा, 'अहील्या' असं दीर्घ लिहू नका, जोडाक्षराच्या आधीचा इकार मराठीत सहसा ह्रस्व असतो. जन्मदाखल्याचा फॉर्म भरताना हे नीट तपासून घ्या, कारण तिथे जे छापलं जाईल ते शाळेपासून पासपोर्टपर्यंत मागे लागतं.

आणि तिसरं रूप पण आहे, ते मला कागदावर नाही, पितळेवर सापडलं. आईने माळ्यावरून आजीच्या रुखवतातला डबा काढला, चिंच-मीठ लावून घासला आणि झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव वर आलं, 'चि. सौ. कां. आहिल्या हिस मामाकडून'. आहिल्या. पहिला आ मोठा. नगर-सोलापूरकडे म्हातारी माणसं अजून असंच म्हणतात, आणि भांड्यावर नाव घालणाऱ्याने जसं ऐकलं तसं ठोकलं. आजीच्या रेशनकार्डावर जानकी, सातबाऱ्यावर जानकी, मतदार यादीत जानकी. तिचं माहेरचं नाव या जगात लिहिलेलं एकाच जागी उरलंय, या झाकणावर, आणि तेही मामांच्या हिशेबाने दोन ठिकाणी अशुद्ध. मी मामांना फोटो पाठवला. त्यांचा रिप्लाय आला, "राहू दे, अहिल्याच ठेवा."

नाव बदलायच्या या पद्धतीने किती बायकांची नावं अशी पुसली गेली असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आता निदान १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचा नियम महाराष्ट्रात आलाय. वहिनीचं नाव तिच्या लेकीच्या नावाला लागूनच येणार.

## बाई, देवी, पुण्यश्लोक

हे पण बऱ्याच जणांना गोंधळात टाकतं. सतराव्या-अठराव्या शतकात 'बाई' हा मोठ्या मानाचा शब्द होता, जिजाबाई, येसूबाई, ताराबाई, गोपिकाबाई, सगळ्या राज्य करणाऱ्या घराण्यांतल्या. आज बाई म्हटलं की कामाला येणारी किंवा शाळेतली एवढंच डोक्यात येतं म्हणून काहींना ते कमी वाटतं आणि ते 'देवी' लावतात. इंदूरच्या विद्यापीठाच्या नावात देवी आहे, सोलापूरच्या विद्यापीठाचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर. माझं मत विचाराल तर अहिल्याबाई म्हणण्यात मानाची कुठलीही कमी नाही, तो शब्द तेव्हा जेवढा भारी होता तेवढा आपण परत करायला हवा.

'पुण्यश्लोक' हे आडनाव नाही आणि सरकारी पदवी पण नाही. श्लोक म्हणजे इथे कीर्ती. ज्याची कीर्ती ऐकणं, सांगणं हेच पुण्य, तो पुण्यश्लोक. जुन्या संस्कृत श्लोकात हे विशेषण नळराजाला आणि युधिष्ठिराला लावलेलं आहे, दोघेही सगळं गमावून पुन्हा उभे राहिलेले राजे. लोकांनी तेच अहिल्याबाईंना लावलं. मागे लिहिलेली १७५४, १७६६, १७६७ ही तीन सालं आठवा, का लावलं ते कळेल.

## अहिल्येची का अहिल्याची?

छोटीशी गोष्ट आहे पण रोज लागणारी. पुराणातलीबद्दल बोलताना आपण अहिल्येची शिळा, अहिल्येचा उद्धार म्हणतो, शब्द वाकतो. घरातल्या मुलीबद्दल बोलताना मात्र अहिल्याचा डबा, अहिल्याला बोलव, असं नाव सरळ ठेवून बोलतो. जुन्या बोलीत माणसांची नावं पण वाकायची, विद्येला, सुमतीस. आता विशेषनाम न वाकवता प्रत्यय लावायची सवय झालीय, दोन्ही चालतं. फक्त हाक मारताना जुनं रूप अजून टिकून आहे, मंगले, सुशीले, आणि अहिल्ये.

## एवढं जुनं नाव, शाळेत चिडवतील का?

वहिनीच्या आईची ही काळजी होती, आणि तिला मी कमी लेखत नाही, नावावरून मुलं रडत घरी येतात. पण ज्या पिढीत अहिल्या आजीचं नाव होतं ती पिढी आता पणजी झालीय. मधे एक मोठी पोकळी पडली, आमच्या वयाच्या वर्गात मला एकही अहिल्या आठवत नाही, सगळ्या स्नेहा, पूजा, प्रियांका. त्यामुळे आज पाळण्यातल्या मुलीला ते नाव पुन्हा कोरं वाटतं, मीरा, रमा, जिजा, मुक्ता, जानकी ही नावं परत आली तसंच. चार अक्षरी-पाच अक्षरी जड नावांपेक्षा तीन अक्षरांचं हे नाव तोंडात पटकन बसतं, आणि कुठल्याही भाषेतल्या माणसाला म्हणता येतं.

बारसं रविवारी झालं. घुगऱ्या आजीच्या पितळी डब्यात भरल्या होत्या, झाकण मुद्दाम पालथं न ठेवता नाव वर येईल असं ठेवलं होतं. काकूंनी पाळणा म्हटला, गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आणि मग मी पाळण्यात वाकले. आजीला माहेरची माणसं कशी हाक मारायची ते बाबांनी आदल्या रात्री मला सांगितलं होतं, उंबऱ्यातून, जरा लांबवून. मी पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि तसंच म्हटलं, अहिल्ये.